बाहेरचं काहीही ऐकू येत नाही

ही गोष्ट मी रचलेली असती, तर तिचा शेवट मी नक्की वेगळा केला असता.

एवढंच सांगते. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी कुणाला पटवायला बसलेले नाही.

दोन वर्षं झाली. फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे साडेनऊ.

हो, सकाळचेच. अमावस्या नव्हती, वीज गेली नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी तेव्हा एका छोट्या ऑफिसात कामाला होते. आमचं काम ऐकण्याचं. बाजारात नवे हेडफोन, इअरबड, खिशात मावणारे स्पीकर आले की ते वापरून बघायचे आणि साध्या माणसाला कळेल असं लिहायचं. बसच्या गोंगाटात गाणं नीट ऐकू येतं का, चालताना कानातून पडतात का, फोनवर समोरच्याला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो का, दोन तासांनी कानाची पाळी दुखते का... असलं सगळं.

ऑफिसात माणसं तीन. मॅडम, म्हणजे ऑफिसच्या मालकीण. मी, लिहिणारी. आणि मोजमापं घेणारा माझा दीर.

दीर नवऱ्यापेक्षा लहान, पण माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी. मॅडम त्यांना कानसेन म्हणायच्या. गळा अगदीच बेताचा, पण कान असा तिखट, की शेजारच्या खोलीतला पंखा दोनवर आहे की तीनवर ते बसल्या जागी सांगायचे. ही नोकरी मला त्यांनीच लावून दिली होती. लग्न केलं नव्हतं. आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या वरच्या खोलीत राहायचे. जेवायला आमच्याकडे. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. काका आला की ती आम्हाला ओळखसुद्धा द्यायची नाही.

ऑफिसात चौथं होतं एक डोकं.

रबराचं. माणसाच्या मापाचं. मऊ कान आणि कानांच्या आत माइक. त्याला हेडफोन घालायचे, गाणं लावायचं, आणि माणसाच्या कानात नेमकं काय पोचतं ते रेकॉर्ड करायचं. आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो. गादीवर बसून असतो, हातपाय हलवत नाही आणि सगळं ऐकत असतो म्हणून.

जावईबापूंना वेगळी खोली होती. भिंतींना, छताला, दाराला आतून जाड फोम. दार लावलं की स्वतःच्या नाडीचे ठोके ऐकू यायचे. आतून गळा फाडून ओरडलं तरी बाहेर काही कळायचं नाही.

रोज सकाळचं पहिलं काम ठरलेलं. डोक्यावर काही न घालता, खोली रिकामी ठेवून, दोन मिनिटांचं कोरं रेकॉर्डिंग. खोली खरंच शांत आहे ना, ते बघायला.

त्या मंगळवारी भाऊजींनी ते ऐकलं आणि मला बोलावलं.

"वहिनी, हे ऐक जरा. डाव्या कानात."

मी हेडफोन घातले. काहीच नव्हतं. एक मिनिट... सव्वा मिनिट...

मग कुणीतरी श्वास घेतला.

अगदी कानाशी. तोंडाने, धापा टाकत. जिना चढून आल्यावर घेतात तसा.

आणि मग... थाप. थाप. थाप.

तळहाताने दार वाजवल्यासारखी.

"आत कुणी गेलं होतं?" मी विचारलं.

"मी स्वतः दार लावलंय. किल्ली माझ्या खिशात होती."

भाऊजींनी माइक बदलले, वायरी बदलल्या. पुन्हा रेकॉर्ड केलं. कोरं. मॅडम म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर काम चालू असेल. सोडा." आम्ही सोडलं.

बुधवारी सकाळी पुन्हा तेच. श्वास. थापा. आणि या वेळी त्यानंतर...

"वहिनी..."

मी आवाज वाढवला.

"वहिनी... दार उघड..."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ठेवले कसले, टाकलेच. भाऊजी माझ्याकडे बघत होते.

"कोण आहे गं? चेष्टा करतंय कुणीतरी."

चेष्टा कशी असेल? तो आवाज त्यांचाच होता. दम लागलेला, तुटक, पण त्यांचाच. ज्या माणसाचा आवाज मी रोज दोन्ही वेळा ताटावर ऐकते, तो मला ओळखू येणार नाही?

त्यांना मात्र कळला नव्हता. सगळ्या जगाचे आवाज ओळखायचे भाऊजी. आपला स्वतःचा कुणाला ओळखू येतो?

मॅडमनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "कानसेन, हा तुमचा आवाज आहे."

भाऊजी हसले. "काहीतरीच काय, मॅडम!"

पण कामाचा माणूस. ते उठले, खोलीत गेले, जावईबापूंच्या डाव्या कानाशी उभे राहून तेच शब्द बोलले. बाहेर येऊन दोन्ही रेकॉर्डिंग स्क्रीनवर एकाखाली एक लावली. आवाजाच्या त्या रेघा, उंचसखल डोंगरांसारख्या. एक डोंगर सरकवून दुसऱ्यावर ठेवला.

मग पुन्हा सुरुवातीपासून जुळवून बघितलं.

"जुळतंय," म्हणाले.

मग खुर्चीत बसून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण मी हे कधी बोललोच नाही..."

जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा उघडला नाही.

मला एकच गोष्ट दिसत होती. ती खोली. तिचं ते जाड दार. भाऊजी आत अडकलेत, श्वास कोंडतोय, मला हाका मारतायत आणि मी बाहेर टेबलाशी बसून काहीतरी टाइप करतेय. ते मला हाक मारत होते, मॅडमना नाही. म्हणजे दार उघडायचं होतं मी. आणि मी उघडलं नव्हतं.

"तुम्ही त्या खोलीत जायचं नाही," मी म्हटलं.

"अगं, मग काम कोण करणार?"

"काम गेलं खड्ड्यात."

गुरुवारी रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज आणखी जवळ आला होता. आता शब्दांआधी नखं घासल्याचाही आवाज होता. वरून खाली... सावकाश... कुणीतरी दाराला धरून खाली बसावं तसा.

मॅडमनी सुतार बोलावला. दार बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. सुतार म्हणाला, "एवढं चांगलं दार कशाला काढताय?" दार काढून त्याने भिंतीला उभं करून ठेवलं, तेव्हा मला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

एक गोष्ट तेव्हा आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नाही. भाऊजींच्याही नाही. फोमच्या दारावर थाप मारली की नुसतं 'धप्' होतं. रेकॉर्डिंगमधल्या थापा कोरड्या होत्या. लाकडावरच्या.

"शुक्रवारी दोघंही घरूनच काम करा," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी बघू."

म्हणजे आम्हाला घरी पाठवलं ते सुरक्षित राहावं म्हणून. हे मी कुणाला सांगू?

शुक्रवार. नवरा कामावर, मुलगी शाळेत. भाऊजी सकाळी चहाला खाली आले, पेपर चाळला, मुलीचा बूट सापडत नव्हता तो शोधून दिला आणि वर गेले. जाताना म्हणाले, "आज जरा अपचन झाल्यासारखं वाटतंय. पडतो थोडा वेळ."

"काही लागलं तर हाक मारा," मी म्हटलं.

हे मीच म्हटलं होतं.

मला एका नव्या हेडफोनवर लिहून द्यायचं होतं. नॉइज कॅन्सलिंग. कंपनीचं म्हणणं होतं, घरातला कुठलाही आवाज आत येणार नाही. ते खरं की खोटं हे घरात बसूनच कळणार. मी वॉशिंग मशीन लावलं. पंखा पाचवर केला. फोनमुळे मध्ये अडथळा नको म्हणून तो सायलेंट करून उशीखाली ठेवला. आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले आणि बारा वाजून दहा मिनिटांनी हेडफोन घातले.

पंखा गेला. मशीन गेलं. रस्ता गेला.

खरं सांगते, छान वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा डोकं शांत झालं. मी एक गाणं लावलं, मग दुसरं. मग काहीच न लावता नुसती बसून राहिले.

मध्येच एकदा जमीन थरथरल्यासारखी वाटली. पायाला जाणवलं.

तीन वेळा.

मला वाटलं, मशीन कपडे पिळतंय.

मी लिहिलं: "बाहेरचं काहीही ऐकू येत नाही. दहापैकी साडेनऊ."

बारा पन्नासला मी हेडफोन काढले. मशीन केव्हाच बंद झालं होतं. पंख्याचा आवाज तेवढा होता. उशीखालचा फोन बघितला.

भाऊजींचे चार कॉल. शेवटचा बारा वाजून एकवीस मिनिटांनी.

मी उठले. मला माहीत होतं. दाराकडे जाईपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं, आणि तरी मी मनात म्हणत होते, ते दार तर आम्ही काढलंय... ते दार तर काढलंय...

कडी काढली.

दार मी ओढलंच नाही. ते आपोआप आत आलं. त्याला टेकून बसलेलं माणूस माझ्या पायांवर पडलं.

पुढचं सांगत नाही.

डॉक्टरांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "घरी कुणी नव्हतं का?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. "होतं," म्हणाला.

तो मला आजवर एका शब्दाने बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मुलीने मात्र विचारलं, "आई, काकाने बेल का नाही वाजवली?" बेल त्यांनी वाजवली असेल. नक्कीच वाजवली असेल. ते माहीत करून घ्यायला आता काही मार्ग नाही.

दाराच्या बाहेरच्या बाजूला, कडीच्या उंचीपासून खाली, चार बारीक ओरखडे होते. नवऱ्याने रंग मारून घेतला.

लॅपटॉपमधलं ते वाक्य मी खोडलं नाही. खोटं नव्हतं ना ते.

यात भूत कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. मलाही तेच विचारायचंय. मंगळवारी तर भाऊजी जिवंत होते. माझ्यासमोर उभे होते, हातात चहाचा कप होता. मग त्या खोलीत जावईबापूंच्या कानाशी लागून कोण धापा टाकत होतं? आणि त्याला सांगायचंच होतं, तर धड का नाही सांगितलं? कोणतं दार, एवढं तरी सांगायचं...

मी ऑफिसात परत गेले नाही. मॅडम पंधरा दिवसांनी घरी आल्या. वजन उतरलं होतं. म्हणाल्या, ऑफिस बंद करतेय.

"जावईबापू?" मी विचारलं.

"खोक्यात घालून टेप लावलीय."

"मॅडम, त्यानंतर... पुन्हा रेकॉर्डिंग केलं होतं का?"

त्या पाणी पीत होत्या. भांडं खाली ठेवलं.

"एकदा केलं. सवयीने."

"काही होतं?"

"काही नव्हतं गं."

त्यांना खोटं बोलता येत नाही. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. जायला उठल्या, चप्पल घातली, आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं...

"तुझी मुलगी पोहायला वगैरे जाते का गं?"

"नाही. का?"

"काही नाही. नको पाठवूस."

मी त्यांचा हात धरला. "मॅडम, काय ऐकलंत? मला ऐकायचंय."

"ते मी पुसून टाकलं."

"कुणाचा आवाज होता?"

त्यांनी हात सोडवून घेतला. जिन्यात उतरताना त्यांचं रडणं मला ऐकू येत होतं. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.

मुलीला मी पोहायला पाठवलेलं नाही. तलावावर नाही, सहलीला नाही. पण त्याने काय होणार? आम्ही तर सुतार बोलावला होता.

पाणी कुठे नसतं?

आता ती आठ वर्षांची आहे. आईने सोबत आलेलं तिला चालत नाही. हे लिहितेय तेव्हा ती आंघोळीला गेलीय. मी बाहेर स्टूल टाकून बसलेय. आत नळ चालू आहे. दर मिनिटाला मी तिला हाक मारते आणि ती वैतागून ओ देते.

लगेच देते.

बहुतेक वेळा, लगेच.