खिडकीखालचा टब

तिसऱ्या सकाळीही टबातले सहाच्या सहा बेडूक पोटं वर करून तरंगत होते.

बेळगावच्या कॅम्पातल्या त्या दवाखान्यात हृदयाचं औषध आधी बेडकांवर जोखत. किती थेंबांत बेडकाचं काळीज थांबतं, त्यावरून माणसाचा डोस ठरे. जोखल्याशिवाय औषध नाही. आणि औषध नाही, तर निपाणीच्या चंपाबाईंचा बाळगोंडा धाप लागून बसल्या जागी जाणार. त्याचे पाय सुजून खांब झालेले.

"मष्णूनंच विष घातलं," डॉक्टर म्हणाले. "बेडकांची राखण त्या गड्याची. पोलिसांना बोलावतो."

मष्णू रडकुंडीला येऊन चंपाबाईंकडे वळला. "न्हाय वो, आक्का!"

चंपाबाई पंधरा दिवस लेकाच्या उशाशी बसून शिणलेल्या. त्यात जैनाचं घर. मेलेले जीव बघवेनात. तरी उठून बाहेर टबाशी आल्या.

"रडू नगं. सांग. बेडूक कुठनं आणतोस?"

"मागल्या पडवीतनं. सांजच्याला सहा काढून ह्या टबात सोडतो. वर वलं गोणपाट."

"मागचं मरत्यात?"

"एक न्हाय मेला. आता सहाच उरल्यात."

टब बाळगोंडाच्या खिडकीखाली होता. चंपाबाईंनी गोणपाट नाकाशी धरलं. मग आत लेकाच्या खाटेशी आल्या; मागोमाग डॉक्टर आणि मष्णू.

"सारखी लवंग का चघळतोस रं?"

"तोंडाला चव न्हाय, आई."

त्यांनी उशी उचलली. खाली तंबाखूची चंची.

"डॉक्टर, पोलिसास्नी ऱ्हाऊ द्या. विष घालणारा ह्यो खाटेवर बसलाय. तुमी तंबाखू बंद केलीसा, ह्यानं लपवून खाल्ली, वास दडवाया लवंग. उठवत न्हाय, म्हणून खिडकीतनं थुकला. गोणपाट तपकिरी, डाग दिसंना. रस गळला पाण्यात."

"एवढ्यानं बेडूक मरतील?"

"आमच्या वखारीत वली तंबाखू नुसती हाताळून बाया वकत्यात, छाती धडधडती. कातड्यातनं चढती ती. बेडूक म्हंजे तर सगळं कातडंच!"

बाळगोंडा पुटपुटला, "खाली टब हाय, मला हितनं काय दिसतंय?"

"गप्प! अठरा जीव गेलं. ह्यो गरीब तुरुंगात गेला असता. आन् तू स्वतःचंच औषध थुकून टाकलंस, शाण्या."

डॉक्टर मष्णूकडे न बघता म्हणाले, "मागचे सहा आण. आजच जोखू."

मष्णू हलेना. आक्कांकडे बघत उभा राहिला.

चंपाबाईंनी लेकाचे सुजलेले पाय पाहिले. मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आण जा," त्या म्हणाल्या.