पाच बदकांसाठी स्थळ

जनावरांच्या डॉक्टरकडे ती बाकावर बसली होती. मांडीवरच्या खोक्यातून घोगरा आवाज आला.

"सर्दी झालीय का त्याला?" शेजारच्यानं विचारलं. त्याच्या टोपलीतली बदकाची मादी मात्र सगळा दवाखाना डोक्यावर घेत होती.

"नर आहे. बदकांत नराचा आवाज बसकाच असतो. आरडाओरडा मादीकडे."

"आमच्या घरीही तसंच आहे. म्हणजे… असेल. बायको मिळाल्यावर."

तिला हसू आवरेना.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. हौसेनं अंडी उबवली, पाच पिल्लं निघाली. शेपटीवर कुरळी पिसं आली तेव्हा कळलं – पाचही नर! मादी सगळ्यांना हवी असते, अंड्यांसाठी. नर मागायला येणारा चुलीवर पातेलं ठेवूनच येतो. आई म्हणायची, "लोक मुलीसाठी स्थळं बघतात. आमची मुलगी बदकांसाठी बघतेय."

त्याची रोपवाटिका होती, तळं होतं, गोगलगायी वेचायला चार माद्या होत्या.

"एक द्या मला."

"खाणार नाही ना?"

"अहो, मी चहासुद्धा करपवतो."

चार माद्यांत एक नर चालतो. जास्त झाले तर माद्यांचे हाल करतात, हे तिनं नीट समजावलं. तो मान डोलवत होता. बघत होता तिच्याकडेच.

मग दिलेल्या नराला भेटायला ती दर रविवारी रोपवाटिकेत जाऊ लागली. ओल्या मातीचा वास, पाण्याच्या पाइपचे अंगावर उडणारे तुषार… 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही. रोपांच्या पाट्या वाचताना तो डोळे बारीक करायचा.

"ती पाटी वाच बघू."

"कशी वाचू? मधे तू उभी आहेस."

एकदा तो म्हणाला, "उरलेले चारही दे."

"वेगळं कुंपण घातलंस तर. नुसते नर गुण्यागोविंदानं राहतात."

"घालतो. शब्द!"

पुढच्या रविवारी खरंच हिरवी जाळी लागली होती. तिनं चौघांना पलीकडे सोडलं. चिखलानं भरलेले तिचे हात त्यानं नळाखाली धुतले. तिनं ते मागे घेतले नाहीत.

काही आठवड्यांनी, त्याचे डोळे तपासून तिनं करायला टाकलेला चष्मा तयार झाला, तेव्हा तिला रविवारपर्यंत दम निघेना. बुधवारीच गेली.

कुंपण नव्हतं. पाचही नर तळ्यात होते. माद्या कुंड्यांमागे दाटीनं बसल्या होत्या – मानांवर पीस नाही, कातडी लाल. एकीचा डोळा उघडत नव्हता.

"जाळी कुठंय?"

"रोपांवर… सावलीला लागते. रविवारी काढून इथं लावायचो." त्यानं मान खाली घातली. "कुंपण घालणारच होतो गं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांना दुसरीकडे दिलं असतंस. मग दर रविवारी तिकडं गेली असतीस…"

"वेड्या, रुळलेल्या बदकाला इतक्या वेळा कोण भेटायला येतं?"

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे…"

"हो. म्हणजे तेच."

तिनं पर्समधून चष्मा काढला. स्वतःच्या हातांनी त्याला घातला, काड्या कानांमागे नीट बसवल्या. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"माझ्याकडे नको. तिच्याकडे बघ."

त्यानं मादीची मान पाहिली आणि चष्मा काढला.

"घाल," ती म्हणाली. "सवय होईल."

चारही नर त्यानंच पकडून दिले. थांब म्हणाला नाही. म्हणाला असता, तर ती कदाचित थांबली असती. तिला त्याच गोष्टीची भीती होती.

घरी आईनं खोक्यात डोकावून पाहिलं. "मोडलं?"

"हो. उद्यापासून पुन्हा स्थळं."

"आणि पाचवा?"

"राहू दे तिथं. एक चालतो."

"रडतेयस का गं?"

"नाही," ती म्हणाली. आवाज मात्र खोक्यातल्यांसारखाच आला – घोगरा, बसलेला.