सातव्या पडछायेचा कौल

"इलंस गो बाय? बस. आधी पाणी पी, मगे बातमी सांग."

द्वारका कुबलचा हा आवाज कुमुद गिरकरनं पहिल्यांदा ऐकला त्याला सोळा वर्षं झाली होती. ‘बंदरकट्टा’ तेव्हा नुकताच सुरू झाला होता. कट्ट्यावर नवी बाई आली की द्वारकाबाय तिचं स्वागत असं करायची. लिहून नव्हे, बोलून. लिहायचा तिला कंटाळा. आवाजामागे लाटांची गाज असायची, कोंबड्यांची कलकल असायची, आणि कुणी मागो न मागो, शेवटी एक ओवी असायची:

समुद्राच्या पल्याड गं, दिवा कोणाचा लुकलुके
माझ्या बाळाच्या बोटीला, वारा हळूच गं फुंके

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खलाशांच्या घरांतल्या माणसांचा हा फोनवरचा कट्टा. चार हजार सभासद. बोटी आता अवाढव्य झाल्या होत्या आणि त्यांच्यावरची माणसं मोजकी; वाडीएवढ्या बोटीवर नऊ जण, बाकी सगळं यंत्रं बघायची. पण त्या नऊ जणांची वाट बघणं पूर्वीसारखंच होतं. त्यात काही सुधारणा झाली नव्हती.

कट्ट्यावर भांडणं होत, अफवा उठत. म्हणून तीन राखणदार नेमलेले असत. त्यांचा एक नियम फार कडक होता. बोटीवरच्या माणसाची वाईट बातमी कुणी लिहिली, तर कंपनीचा कागद येईपर्यंत ती ‘थांबलेले निरोप’ या पेटीत ठेवायची. कुणा बाईनं भाकरी थापताना फोन उघडावा आणि नवरा बुडाल्याचं वाचावं, असं कट्ट्यावर कधी होऊ द्यायचं नाही. कुमुद नऊ वर्षं राखणदार होती. या नऊ वर्षांत तिच्या हातून एकही खोटी बातमी सुटली नव्हती, आणि लोक तिचं नाव घेत ते त्यासाठीच.

एक खरी बातमी तिनं सात वर्षं अडवून ठेवली होती. अडवलेला निरोप अडवणाऱ्या राखणदारालाच दिसे, म्हणून ते कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा राखणदार निवडायची रीत बदलली होती. बोटीवर रेडिओ अधिकारी म्हणून उभी हयात काढलेल्या आत्माराम नाईकांनी कट्ट्यासाठी एक यंत्रणा बसवली होती. माणूस वर्षानुवर्षं कट्ट्यावर जे बोलला, जे लिहिला, कशावर चिडला, कुणाची समजूत कशी घातली, ते सगळं वाचून ती त्याची ‘पडछाया’ तयार करी. म्हणजे त्याच्यासारखा विचार करणारा, त्याच्यासारखं बोलणारा एक नमुना. या पडछायांना पन्नास अवघड निरोप द्यायचे. प्रत्येकीनं निकाल द्यायचा: सोडा की थांबवा, आणि का. सभासदांनी नावं न बघता नुसते निकाल वाचून कौल द्यायचा. नावं नंतर उघडायची.

"म्हणजे कोण कोणाचो मेव्हणो, कोणाची आत्या, ह्या सगळा बंद," नाईक म्हणाले होते. "न्याय बघा आणि मत देवा. तोंड कित्याक बघूक व्हया?"

"तुमचा तोंड बघून कोण मत देणार होता, तात्यानू?" कुणीतरी विचारलं होतं, आणि कट्टा दिवसभर हसत होता.

कुमुद मात्र हसली नाही. पन्नास निरोपांतला एकतिसावा तिनं वाचला होता. नाईकांनी अवघड उदाहरणं हवीत म्हणून यंत्राला थांबलेल्या निरोपांची जुनी पेटी उघडून दिली होती. यंत्रानं नावं बदलली, बोटीचं नाव बदललं, महिना बदलला. पण तराफ्यावरची चार माणसं तशीच होती. पाचवा दिवस तोच होता. सोबतचा खलाशी लिहीत होता, की मी त्याचा हात धरून होतो, तो माझ्यासमोर गेला, जाताना घरच्यांसाठी दोन शब्द सांगून गेला. ते दोन शब्द यंत्रानं गाळले होते. कंपनीचं म्हणणं ‘बेपत्ता’. आता हा निरोप सोडायचा की थांबवायचा?

तो निरोप वसंत कुबलबद्दलचा होता. द्वारकाबायचा एकुलता एक मुलगा.

सात वर्षांपूर्वी कुमुदनं त्या खलाशाकडे पुरावा मागितला होता. "हात धरलेलो, बाई. आणखी कसलो पुरावो दिऊ?" एवढं लिहून तो कट्टा सोडून गेला. कंपनीचा कागद आलाच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत कुमुद थांबली, आणि मग इतके दिवस लोटले की सांगायचं तर आधी उशिराचं कारण सांगावं लागणार होतं. बाजारात द्वारकाबाय भेटली की ती तिच्याशी कोकमांवर, पापडांवर बोलायची. दोन वर्षांपूर्वी द्वारकाबाय गेली, मुलाची वाट बघत. मागे राहिली सून, तारा. परिचारिकेचं शिक्षण घ्यायला कोल्हापूरला जायची तिची दोनदा तयारी झाली होती आणि दोनदा तिनं पिशवी परत रिकामी केली. नवरा आला आणि घर बंद दिसलं तर?

त्या एकतिसाव्या निरोपावर अकरा पडछायांनी निकाल दिले होते. दहा जणींनी नियम सांगितला. सातवीनं लिहिलं होतं:

"सोडू नका. ही पडद्यावर वाचायची गोष्ट नाही. पण पेटीतही ठेवू नका, निरोप नासतो. जिनं अडवलाय तिनं पायात चप्पल घालावी आणि त्या घरी जावं. रडतील. रडू दे. आणि अडवणारीवर कुणी रागावू नका गो बायांनो. तिनंही तो एकटीनंच पोटात वागवलाय."

कुमुदनं ते वाचून फोन पालथा ठेवला होता. आवाज नव्हता, नुसती अक्षरं होती. तरी तिला मागे कोंबड्यांची कलकल ऐकू आली.

कौलाचा निकाल सकाळी अकरा वाजता नाईकांच्या पडवीत उघडला. राखणदार म्हणून कुमुद हजर होती.

"सात नंबर पयलो," नाईक चष्मा पुसत म्हणाले. "तीन हजार मतां! ही कोण बाय एवढी शहाणी, बघूया तरी." त्यांनी बोट टेकवलं आणि ते तसंच राहिलं.

"कोण?" कुमुदनं विचारलं. तिला विचारायचं नव्हतं.

"द्वारका कुबल."

चूक कुठे झाली ते दोघांनाही एकदमच कळलं. समुद्रानं नेलेल्या माणसाचं नाव घरात कुणी खोडत नाही. शिधापत्रिकेवर राहतं, लग्नाच्या पत्रिकेत छापलं जातं. कट्ट्यानं तोच रिवाज उचलला आणि मग कुणाचंच नाव खोडलं नाही, खाटेवर मेलेल्यांचंही नाही. यंत्राला सांगितलं होतं, पाच वर्षं बोललेल्यांतून अकरा उमेदवार तूच निवड. यंत्रानं जिवंत-मेलेला असा भेद केला नाही. तो करायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"माझ्या लक्षात येवक व्हया होता," नाईक पुटपुटले. "पण माझ्या भावाचा नाव मी रोज बघतंय थंय. बारा वर्षां झाली. सवय झाली गो." मग सावरून म्हणाले, "रद्द करूया. मेलेल्या बाईक राखणदार कसा करतलंव?"

"तात्यानू, एक सांगा. जा माणूस कधी बोलला नाय, ता त्याची पडछाया बोलता?"

"बोलाचा नाय. विहिरीत असात ताच पोहऱ्यात येतला. नवीन निरोपाक नवीन उत्तर देता, पण त्याची माती जुनीच. कित्याक?"

"काय नाय," कुमुद म्हणाली आणि उठली.

घरी येऊन तिनं द्वारकाबायचं सगळं बोलणं शोधायला घेतलं; अडवणारीबद्दल ती कधीतरी बोललीच असणार. वसंत बेपत्ता झाल्यानंतरची पाच वर्षं. माशांचे भाव, कुणाकुणाच्या नातवंडांसाठी सांगितलेली औषधं, सणाच्या शुभेच्छा. दुपार उलटली. वसंत बेपत्ता झाला त्या पावसाळ्यानंतरच्या एका साध्या दिवशी द्वारकाबायनं एक ओवी म्हटली होती. खाली चौदा जणींनी हात जोडले होते, आणि ‘मंजूर’ असा शिक्का होता. कुमुदचाच. तिनं तेव्हा ऐकली नव्हती, घाईत पुढे सोडली होती. आता ऐकली:

उंबऱ्याशी अडला निरोप, सखीच्या गं ओठांआड
सांगशील तेव्हा सांग बाई, उघडं ठेविते कवाड

ती ओवी तिनं तीनदा लावली. कोकमं, पापड, बाजार. त्या प्रत्येक भेटीत द्वारकाबाय समोर उभी राहून जरा जास्तच वेळ थांबायची, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, आणि मग "येतंय गो" म्हणून निघायची. कुमुद नजर चुकवते, त्यावरूनच तिनं ओळखलं होतं. पाच वर्षं ती मुलाची वाट बघत नव्हती. कुमुदची बघत होती.

कुमुदनं चप्पल घातली.

तारा अंगणात सुके बांगडे उलटवत होती. कपाळावरचे केस मनगटानं मागे सारत ती हसली. "काकी, तुम्ही? निकाल लागलो काय? कोण इला?"

"तुझी सासू."

ताराचा हात थांबला. मग तिनं हातातला बांगडा हळूच चटईवर ठेवला. "माका वाटलाच," ती म्हणाली. "मी सातालाच मत दिलंय. वाचताना वाटला, आई चुलीकडसून बोलतत. म्हटला, मी खुळी झालंय."

"तीन हजार माणसांक तसाच वाटला असतला."

"मगे आता? आई राखणदार होतली?"

"ता मी सांगाक इलंय नाय."

तारा उभी राहिली. तिच्या नजरेत काहीतरी सरकलं. ती कुमुदच्या चपलांकडे बघत होती. उन्हातून भरभर आल्यामुळे त्या धुळीनं माखल्या होत्या. घरून इथवर अर्ध्या तासाची वाट, आणि कुमुदकाकी इतक्या वर्षांत कधीच या अंगणात आली नव्हती.

"काकी," ती अगदी हळू म्हणाली, "तो एकतिसावो निरोप. तो यंत्रान रचलेलो, की खरो?"

कुमुदनं तोंड उघडलं. नऊ वर्षं राखलेला नियम जिभेवर आला, कंपनीचा कागद आला, उशिराची सगळी कारणं रांगेनं आली. ती सगळी तिनं बाजूला होऊ दिली.

"खरो. सात वर्षां माझ्याकडे आसा. वसंत तराफ्यावर गेलो, तारा, पाचव्या दिवशी. एकटो नव्हतो, एकान हात धरलेलो. आणि जाताना सांगल्यान, ‘माझ्या आयेक सांग, ताराक अडवू नको. तिका शिकूचा होता. तिका जावंदे.’"