श्रावणच्या गिटारीच्या तारा

वडशाला नाटक कंपन्या गोळा झाल्या की लटारूच्या दुकानात दुरुस्तीच्या पेट्या-तबल्यांची रीघ लागायची. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचे सूर जुळवले. वाजवायला मात्र कुणी बोलावलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

शहाऐंशीच्या हिवाळ्यात एका कंपनीचा गिटारवाला श्रावण हिवतापानं गेला, आणि कंपनीचे मालक वामनराव सकाळीच दुकानाची पायरी चढले.

"पाच वाजता तालीम हाय. श्रावणच्या गिटारीवर वाजवून दाखव. जमलं तं त्याची जागा तुले."

लटारूला आभाळ ठेंगणं झालं. बायको रुखमानं तर हातातलं सूप टाकलं आणि पेटीतला इस्त्रीचा सदरा काढून दिला.

अडचण एकच. श्रावण डावखुरा होता. त्याच्या गिटारीच्या तारा उलट्या. उजव्यानं धरली की जाडी तार खाली, बारीक वर. लटारू ती आणायला श्रावणच्या आईकडे, केसरबाईकडे गेला. म्हातारीनं गिटार दिली, पण पकड सोडेना.

"तारा नको फिरवू, बाबू. त्याले नाई आवडायचं."

"बाई, मले डाव्यानं वाजवता येत नाई ना."

दुकानात येऊन त्यानं सहाही तारा उतरवल्या. मानेच्या टोकाशी तारा बसतात त्या पट्टीच्या खाचा आता उलट्या पडणार, म्हणून म्हशीच्या शिंगाची नवी पट्टी घासून बसवली. खालची, तारा टेकायची घोडी फिरवली, तारा चढवल्या, सूर लावला. अकरा वाजले होते. झकास! त्यानं गिटार मांडीवर घेतली.

जाडी तार खाली होती. पट्टीही जुनीच.

"हात्तिच्या! घाईत उलटंच केलं म्हणायचं," असं पुटपुटत त्यानं पुन्हा सगळं उतरवलं. या वेळी सावकाश, एकेक तार बोटानं चाचपून. मान वर केली तेव्हा दीड वाजला होता. शिंगाची पट्टी जमिनीवर पडली होती. जाडी तार खाली.

तो उठून रस्त्यावर आला. समोर सुगंधाबाईची चहाची टपरी होती.

"बाई, माह्या दुकानात कोणी शिरलं होतं का?"

"कोण शिरन? तुम्हीच तं सकाळपासून बसून राह्यले. तारा काढता, लावता." तिनं कप पुसता पुसता त्याच्याकडे पाहिलं. "पण लटारूभाऊ, तुम्ही डावरे कधीपासून झाले?"

लटारू भ्याला. गिटार परत करावी, सुटावं. पण मग जागाही गेली. वीस वर्षांनी दार किलकिलं झालेलं, ते आपणच लावून घ्यायचं?

त्यानं सुगंधाबाईला समोर बसवलं आणि तिसऱ्यांदा तारा चढवल्या. तिनं नजर हलवली नाही. तारा उजव्याच्या लागल्या. तो तसाच तालमीला गेला.

वाजवलं, आणि काय वाजवलं! नटमंडळी संवाद विसरून ऐकत राहिली. वामनरावांचे डोळे भरून आले.

"तोच हात, गड्या! जागा तुही."

लटारूनं खाली पाहिलं. गिटारीची मान उजव्या हातात होती. डावा हात तारा छेडत होता.

कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

कधी एकदा रुखमाला सांगतो असं त्याला झालं. तो झपाझप निघाला. पाय थांबले ते केसरबाईच्या दारात.

"हात धू. भात निवून राह्यला."

मोरी कुठं, हे त्यानं विचारलं नाही. भूकही मरणाची लागली होती. चार घास गेले असतील, तोच दारात पावलं वाजली. रुखमा! त्याचा जीव भांड्यात पडला.

"जमलं वो! जागा भेटली!" तो ओरडलाच.

रुखमानं त्याच्याकडे नीट पाहिलं. परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा पदर पुढं ओढला आणि केसरबाईला विचारलं, "मावशी, आमचे मालक आले होते का इथी? तालमीतून अजून घरी नाई आले."