अर्धी मात्रा पुढे

ही गोष्ट खरी आहे.

इकडून तिकडून ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलेली आहे. ज्यांच्यासोबत घडली ती दोन्ही माणसं आज जिवंत आहेत. कुणाला पटो न पटो, मी एक शब्दही पदरचा घातलेला नाही.

साल १९८५. एप्रिल महिना. मंठाळच्या विहारापुढचं पटांगण, दिवेलागणीची वेळ. जे काही झालं ते तिथं झालं. पण त्याची सुरुवात वर्षभर आधीची...

मामाचं नाव भीमराज. बसवकल्याण तालुक्यातल्या राजेश्वरला राहतो. दिवसा पिठाची गिरणी चालवायची आणि कार्यक्रम असेल तेव्हा गायन पार्टीसोबत निघायचं, असं त्याचं आयुष्य. पार्टी नागनाथची. नागनाथ ढोलकी वाजवायचा आणि गाणी स्वतः जुळवायचा. गायची माझी मामी, विमलबाई. मामीचा आवाज जाडसर, खालच्या पट्टीतला. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला शब्द न् शब्द कळायचा.

आणि मामा? मामा खंजिरी वाजवायचा. असला तर असला, नसला तर नसला.

एकदा उदगीरला एका ऑर्केस्ट्रात मामानं बेस गिटार ऐकलं. चार जाड तारा. कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येणारं वाद्य.

तेव्हापासून मामाला चैन पडेना. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर सुद्धा तो बोटानं ताल धरायचा.

नवं बेस घेणं आवाक्यातलं नव्हतं. म्हणून तो हैदराबादला गेला. तिथं जुम्मेरात बाजारात जुनं सामान मिळतं. सायकलच्या रिंगा आणि मोडके पंखे यांच्या मधोमध एक लाल बेस लटकत होतं. मान किंचित वाकलेली. तारा गंजलेल्या. एक खुंटी तुटलेली, तिच्या जागी खिळा ठोकलेला.

"किसका है भाई?" मामानं विचारलं.

"मालूम नै. सामान में आया," दुकानदार म्हणाला.

एवढंच. त्या बेसबद्दल याहून जास्त आजवर कुणालाच कळलेलं नाही.

बसवकल्याणात वीरभद्रप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं बेसची मान सरळ केली, खुंटी बसवली. जुन्या लाऊडस्पीकरचं सामान जोडून एक अँप्लिफायर बनवून दिला. लाकडी खोक्यातला. घरात सगळे त्याला डब्बा म्हणायला लागले.

मामानं घरी येऊन वायर जोडली. भर दुपार. मामी शेतात गेलेली. घरात कुणी नाही.

त्यानं जाड तार छेडली. डब्बा घुमला. जमीन हलल्यासारखी वाटली. सूर हळूहळू विरत गेला... आणि अगदी शेवटी...

कुणीतरी श्वास घेतला.

गाण्याआधी घेतात तसा. छाती भरून.

मामानं मागं वळून बघितलं. दार उघडं. अंगणात ऊन. कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी तो बेस घेऊन वीरभद्रप्पाकडं गेला. वीरभद्रप्पानं बेस उलटसुलट करून बघितलं आणि हसला.

"अरे, पिकअप ढिल्लं हाय हे. तारंखालचं हे लोहचुंबक बघ. आतली गुंडाळी ढिल्ली पडली की माणसाचा आवाज बी धरतंय. बोल ह्याच्यात."

मामा बेसवर तोंड नेऊन "हॅलो" म्हणाला. डब्ब्यातून आवाज आला, "हॅलो."

दोघंही हसले. मामाला हायसं वाटलं. आपलाच श्वास तो.

पण घरी येऊन त्यानं श्वास रोखून तार छेडली. ओठ घट्ट मिटले. सूर विरला... आणि...

श्वास आलाच.

मामानं कुणाला सांगितलं नाही. त्यानं ठरवलं, पिकअपच बदलायचं. पुन्हा हैदराबाद. वापरलेलंच, पण चांगल्या बनावटीचं पिकअप मिळालं. वीरभद्रप्पानं ते मेण ओतून पक्कं बसवलं.

"आता ह्याच्यापुढं ढोल बडवला तरी धरणार न्हाई," तो म्हणाला.

आणि खरंच, श्वास गेला.

त्याच्या जागी गुणगुणणं आलं.

बाईचं गुणगुणणं. फार बारीक. मामा जे वाजवायचा तेच. पण एक गोष्ट मामाच्या ध्यानात आली...

ते गुणगुणणं मामाच्या बोटाआधी यायचं.

अर्धी मात्रा आधी. म्हणजे सूर आधी डब्ब्यातून यायचा आणि मग मामाचं बोट तारेवर पडायचं.

भ्यायला पाहिजे होतं. तो भ्यालाही. पण खरं सांगायचं तर त्याला त्याची गोडीही लागली. कारण त्या आवाजामागं बोट टाकत गेलं की चूक व्हायचीच नाही. खंजिरीवाला भीमराज सहा महिन्यांत असा वाजवायला लागला की गुलबर्ग्याहून, लातूरहून पार्टीला बोलावणी यायला लागली. लोक स्टेजजवळ येऊन त्याची बोटं बघायचे.

मामी जवळ बसलेली असायची. मामा हळूच विचारायचा, "विमल, तुला काय ऐकू येतंय?"

"निस्तं घूं घूं. दुसरं काय यायचंय?"

मामाला आता तो आवाज स्पष्ट ऐकायचा होता. त्या ओढीनं त्यानं तारा बदलल्या, परदेशी बनावटीच्या घातल्या. खुंट्या बदलल्या. बटणं बदलली. प्रत्येक वेळी आवाज थोडा जवळ यायचा. रात्रंदिवस डोक्यात एकच, आता अजून काय बदलू?

शेवटी मोठा स्पीकर बसवायला तो वीरभद्रप्पाकडं गेला. सकाळची वेळ. मामा एकटाच आलेला. वीरभद्रप्पानं स्पीकर जोडला, मामानं दोन-चार सूर वाजवले. वीरभद्रप्पा मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला...

"भीमराज, बायकोला बाहेर उन्हात कामून उभं केलास? आत बोलव की. चहा पिऊ."

मामाचा हात थांबला.

"अण्णा, मी एकटाच आलोय."

"मस्करी करायलास का? विमलबाईचा आवाज मला कळंना व्हय? आत्ता म्हणायली की बाहेर."

वीरभद्रप्पा उठून दारात गेला. रस्त्यावर दोन्ही बाजूला बघितलं. परत येऊन स्टुलावर बसला. डब्ब्याकडं बघितलं. मग पुढं होऊन त्यानं स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

"घिऊन जा हे," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्यानं त्या बेसला हात लावला नाही.

मामी त्या वेळी राजेश्वरला, शेतात होती.

आता मामालाही कळलं. इतके दिवस ओळखीचा वाटणारा तो आवाज मामीचा होता. जिवंत बाईचा. जी रोज त्याच्या ताटात भाकरी वाढत होती, तिचा.

आणि तो नेहमी अर्धी मात्रा पुढून यायचा.

त्याच सुमारास नागनाथनं नवं गाणं जुळवलं. आईवरचं. मामीची आई त्याच वर्षी गेलेली, म्हणून ते गाणं तिच्या फार जिवाचं. शेवटच्या कडव्यात एक ओळ होती, 'परत फिरताना माय मागं बघंना.'

मामानं दुपारी एकट्यानं त्याचा सराव सुरू केला. डब्ब्यातला आवाज आता शब्दांसकट गायचा. पहिलं कडवं. दुसरं. शेवटचं...

"परत फिरताना..."

आणि बंद.

एरवी आवाज थांबला तरी डब्ब्याची घूंघूं राहायची. ती सुद्धा गेली. झाडावरचे कावळे ऐकू येईनात. मामानं स्वतःच्या मांडीवर थाप मारली, तिचा आवाज आला नाही.

मग हळूहळू सगळं परत आलं. डब्ब्यातला आवाज मात्र आला नाही.

मामानं वायर तपासली. पुन्हा वाजवलं. दुसऱ्या दिवशी वाजवलं. रोज वाजवलं.

रोज त्याच जागी...

"परत फिरताना..."

आणि बंद.

मामा नागनाथकडं गेला. "हे गाणं नको घेऊ मंठाळात."

"कामून? गाणं तर सगळ्यात झकास झालंय."

"विमलला झेपायचं न्हाई."

"वैनीला झेपत न्हाई? काय बोलायलास भीमराज!"

मामीला सांगावं तर जीभ उचलेना. सांगायचं तरी काय? तुझा आवाज पुढं जाऊन थांबतोय, हे बायकोला कसं सांगणार? त्यानं एवढंच म्हटलं, "हे गाणं सोडून दे, विमल."

"आवो, माझ्या आईचं गाणं हाय ते," मामी म्हणाली. विषय संपला.

मंठाळचा दिवस आला. जयंतीचा कार्यक्रम. निळ्या पताका, बायकापोरं, आसपासच्या गावांतली माणसं. सूर्य मावळत होता. मामानं ठरवलेलं, त्या गाण्याला वायर काढून टाकायची. पण नागनाथ शेजारीच. "बेस कुठंय? वाढव की!" सगळ्यांसमोर ओरडला.

मामानं वायर काढली नाही.

मामी उभी राहिली. पांढरं लुगडं, हातात माईक. पहिलं कडवं झालं. डब्ब्यातला आवाज पुढं, मामी मागं; आवाज एकच, म्हणून लोकांना माईक घुमतोय असंच वाटलं असणार. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. दुसरं कडवं झालं. 

डब्ब्यातून आलं, "परत फिरताना..."

बंद.

अर्ध्या मात्रेनंतर मामी म्हणाली, "परत फिरताना..."

आणि थांबली.

मामी तोंड उघडं ठेवून उभी. माईक ओठांपाशी. डोळे बेसवर. पापणी हलत नव्हती. नागनाथचा हात ढोलकीवर पडत होता, पण थाप ऐकू येत नव्हती. समोर एक तान्हं मूल रडत होतं. त्याचं तोंड दिसत होतं, रडणं नाही...

किती वेळ गेला, मामाला आजही सांगता येत नाही.

मग मामीनं श्वास घेतला. छाती भरून.

"...माय मागं बघंना."

सगळे आवाज एकदम परत आले. मूल, ढोलकी, माणसं. लोकांना वाटलं, बाईचा गळा दाटला असेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. मामाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मामी जिवंत होती. गात होती. ओळ पार झाली होती.

पण नागनाथ कपाळाला आठ्या घालून मामाकडं झुकला.

"अरे, वैनी ताल सोडून पुढं कामून पळायल्या?"

मामानं कान दिला.

डब्ब्यात आता घूंघूंशिवाय काही नव्हतं.

मामी गात होती, आणि ती गात होती... अर्धी मात्रा पुढं.

घरी आल्यावर मामी जेवली, झोपली, सकाळी उठून शेतात गेली. सगळं नेहमीसारखं. दोन दिवसांनी मामा जेवताना मीठ मागणार होता. तोंड उघडायच्या आत मामी म्हणाली, "देते की."

आणि मीठ वाढलं.

संसारात असं होतंच, असं मामानं मनाला समजावलं. पण ते थांबलं नाही. तो विचारायच्या आधी उत्तर यायचं. शेजारीण हाक मारायच्या आधी मामी "आले" म्हणून उठायची. कुत्रं भुंकायच्या आधी दाराकडं बघायची.

गाणं मात्र सुटलं. कुठल्याच ढोलकीला ती सापडेना. नागनाथनं दुसरी गाणारी बघितली.

मामानं बेस विकलं नाही. उलट अजूनही तो त्याच्यात काही ना काही बदलत असतो. नवं पिकअप, जाड तारा, दुसरा डब्बा. गिरणीत मिळवलेलं सगळं त्याच्यात घालतो. दुपारी दार लावून वाजवतो आणि सूर विरेपर्यंत कान लावून बसतो. आवाज परत डब्ब्यात यावा म्हणून.

डब्ब्यात काही येत नाही.

मी या उन्हाळ्यात राजेश्वरला गेलो होतो. दार वाजवायला हात उचलला तर मामीनं आतून कडी काढलेली होती. प्रेमानं बोलली. चांगली होती. फक्त ते अंतर आता अर्ध्या मात्रेचं राहिलेलं नाही. सकाळी तिनं दोन ताटं जास्तीची घासून ठेवली. पाहुणे दुपारी आले, न कळवता.

पाहुणे गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. मामा समोर, मी बाजूला. मामी वाढत होती. वाढता वाढता तिचा हात थांबला. ती मामाकडं बघत राहिली...

आणि रडायला लागली.

आवाज न करता. नुसतं पाणी.

"काय झालं, विमल?" मामानं विचारलं.

या वेळी तिनं आधी उत्तर दिलं नव्हतं. त्याचं विचारून झालं तरी ती गप्पच होती. मग पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

"अजून न्हाई झालं," ती म्हणाली. "जेवा तुमी."

मामानं घास खाली ठेवला.

त्याला आता पावसाळा उलटून गेला. मामा धडधाकट आहे. गिरणी चालू आहे. काहीही झालेलं नाही. मी स्वतःला रोज हेच सांगतो.

पण राजेश्वरकडून कुणी आलं की तो बोलायच्या आधी मी त्याच्या तोंडाकडं बघतो...