वाघाचं तोंड

ज्योत्स्नाला नकाशे आवडायचे, कारण त्यांत माणसं नसतात. जिऑइन्फर्मॅटिक्स घेऊन बी.एस्सी. करणार म्हटल्यावर नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत कुणाला ते नाव धड उच्चारता आलं नव्हतं, शेजारच्या काकूंनी तर "म्हणजे शेवटी तलाठीच ना?" असं विचारून घेतलं होतं. आता दोन हजार पाच साल होतं, शेवटचं वर्ष होतं, आणि शहरातली एक नकाशा कंपनी वर्गातल्या एकालाच घेणार होती. ज्याच्या प्रकल्पात एकही चूक नाही, त्याला. नाही जमलं तर वडिलांनी सिन्नरचं स्थळ बघून ठेवलंच होतं.

तिच्या वाट्याला पेठकडचे डोंगर आले. जुन्या कागदी नकाशाचं चित्र पडद्यावर घ्यायचं आणि गावाची शीव, जंगलाची हद्द माउसने टिचक्या मारत गिरवायची. दोन रेषा एकमेकींना भिडल्या नाहीत की मध्ये चिंचोळी फट राहते आणि तिथे लाल ठिपका उमटतो. बाकीची मुलं एकेक फट हाताने बुजवत बसली. ज्योत्स्नाने टॉलरन्स वाढवला, म्हणजे जवळपासच्या रेषांना आपणहून एकमेकींवर उडी मारायची मुभा दिली. सगळे ठिपके एका दमात गेले. सुंठीवाचून खोकला गेला. एका पाड्यापाशी गावाची शीव जरा जास्तच उडाली होती, टेकडीवरून थेट ओढ्यावर, आणि कडेचं एक घर जंगलात पडलं होतं. एका घराने काय बिघडतं, असं म्हणून तिने फाइल सेव्ह केली.

ते घर बुधाचं. दिवाळीत ती पहिल्यांदा पाड्यावर गेली होती, तेव्हा त्याच्या बायकोने, चिमणाबाईने, तिला नागलीची भाकरी वाढली होती. त्यांच्या लहानग्या मैनाने तिला हाताला धरून घरामागच्या टेकडीवर नेलं आणि वाघदेव दाखवला. शेंदूर फासलेला लाकडी खांब, त्यावर चंद्र, सूर्य आणि खाली वाघ, सगळं जंगलाकडच्या अंगाला कोरलेलं.

"वाघाचं तोंड बाहेर ऱ्हातं," बुधा म्हणाला होता. "आपल्याला नुसती पाठ दिसली, मंजे आपुन आत."

पडताळणीसाठी ती जीपीएस घेऊन पुन्हा गेली, तेव्हा टेकडीवर खांब नव्हता. तो ओढ्याकाठी उभा होता, बुधाचं घर आणि पाडा यांच्या मधोमध. बुडाशी माती उकरल्याची खूण नव्हती. उलट शेवाळ धरलेलं होतं. तिने यंत्रावरचे आकडे वाचले आणि स्वतःची रेषा आठवली. खांब नेमका तिच्या रेषेवर होता.

बुधाच्या अंगणातून आता वाघाचे डोळे दिसत होते. दिवाळीत तिच्यावर भुंकलेला कुत्रा नव्हता. शेळ्यांच्या जागी नुसती दावी पडली होती. मैना आईच्या पदराआड उभी होती, या वेळी ती पुढे आली नाही.

खांब कुणी हलवला, असं तिने विचारलं.

"देवाला कोन हात लावील, बाई? त्योच सरकला." बुधा तिच्या हातातल्या यंत्राकडे बघत होता. "रेघा तूच मारतीस ना? आमाला आत घे."

बघते, म्हणाली ती. रेघेने खांब हलत नसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी कॉलेजात आल्यावर तिने फाइल उघडली आणि शीव परत टेकडीवर ओढली. लाल ठिपका उमटला. मग दुसरा, मग ओळीने सगळे. काम पहिल्यापासून करावं लागणार होतं आणि प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तिला भीती वाटली, नाही असं नाही. सिन्नरची जास्त वाटली. तिने शीव पुन्हा ओढ्यावर सोडली.

सरांनी तिचा नकाशा वर्गाला दाखवला. नोकरी तिलाच मिळाली.

पेढे वाटून झाले आणि बुधा कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात येऊन उभा राहिला.

"मैना गेली. अंगनातून, दिवसाढवळ्या." मग तो म्हणाला, "दोघं ऱ्हायलोय. आता तरी आत घे."

"फाइल जमा झाली. आता माझ्या हातात नाही."

हे खोटं होतं. फाइल तिच्या पाठीमागच्या कॉम्प्युटरवर उघडी होती. बुधाने मान हलवली. मग त्याने विचारलं, "तुझं घर कुठल्या शिवंत हाय?"

विषय बदलला म्हणून तिला हायसंच वाटलं. भिंतीवरच्या नकाशात तिने नाशिक रोड दाखवलं. बुधाने तिथे बोट टेकवलं आणि तो निघून गेला. शेंदराचा ठसा राहिला. ती पुसायला गेली, तर तो पसरला.

कंपनीत पहिलंच काम शहराच्या शिवेचं आणि प्रभागांच्या हद्दींचं मिळालं. फटी होत्याच. हात सवयीने टॉलरन्सकडे गेला. चुका शून्य. साहेब खूश झाले.

त्या शनिवारी सकाळी ती चहा घेऊन गच्चीत आली. कॉलनी नको तितकी शांत होती. गल्लीतली कुत्री कुठेच नव्हती.

फाटकाजवळ एक खांब होता.

तिने आईला हाक मारून विचारलं. "तो होय? आपण राहायला आलो तेव्हापासून आहे," आई खालून म्हणाली.

चंद्र दिसत होता. सूर्य दिसत होता. खाली मिशा, उघडा जबडा, सगळं स्वच्छ दिसत होतं.

तिने ऑफिसला फोन लावला.

"शहराच्या नकाशाची शीट ना? काल पाठवली," पलीकडून उत्तर आलं. "आता आपल्या हातात नाही."

खाली अंगणात आई रांगोळी काढायला वाकली होती, रस्त्याकडे पाठ करून.