पोरंबाळं घेऊन जेवायला कुठं?

मे महिन्याच्या सुट्टीतली दुपार. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये संयोगिता तिकिटाच्या खिडकीशी बसली होती, आणि समोर एक सावळा तरुण शर्टावर दही सांडून उभा होता. कडेवर रडून लाल झालेली परक्याची चिमुरडी.

"मॅडम, ह्यांना मटणाच्या खानावळीत तुम्हीच धाडलं काय?"

"व्हय. का?"

"चार वर्षांची पोरगी हाय. तांबडा रस्सा प्यायला ती काय तालमीतली हाय?"

मागून पोरीचे आईबाप आले. पोरगी तिखटानं कळवळली, तेव्हा शेजारच्या आपल्या खानावळीतून यानंच धावत जाऊन तिला दहीभात भरवला होता. संयोगिता ओशाळली… पण तेवढ्यातही तिच्या मनात आलं, रागावलेला माणूस इतका हळू कसा बोलतो?

तो केतन, जयसिंगपूरच्या जैन घरातला. कांदा-लसणाशिवाय जेवण वाढणारी खानावळ काढली, तीही कोल्हापुरात, म्हणून लोक त्याला वेड्यात काढायचे. संयोगिता नेसरीच्या मराठ्याची. मटणाच्या वशाटाशिवाय तिचा रविवार सरायचा नाही. पण त्या दिवसापासून लेकरं-म्हातारी घेऊन आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती त्याचाच पत्ता सांगायला लागली.

पाहुण्यांच्या बॅगा तिच्याजवळ असायच्या, त्यामुळं मंडळी जेवून परत यायचीच. मग काय, जाताना तिचा निरोप, येताना त्याचा.

"ते विचारतायत, आज आमरस आहे, तुम्ही कधी येणार?"

पुढच्या पाहुण्यांबरोबर तिनं कळवलं, एकटी बाई कशी येईल जेवायला? त्याचं उत्तर पुण्याच्या एका आजोबांनी आणलं. चष्मा पुसत म्हणाले, "तो म्हणतोय, मीही समोर बसतो. आणि पोरी, म्हाताऱ्याला कशाला पळवता मधल्या मधे?"

ती गेली. बाहेर वळीव पत्र्यावर वाजत होता. वाटी पुढं करताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनीही वाटी सोडली नाही.

"आईचं ऑपरेशन झालंय," तो म्हणाला. "दसऱ्यापर्यंत दम धरा… मग बोलतो तिच्याशी."

"काय बोलणार?"

"तुम्हाला ठाव हाय की."

तिला ठाव होतं. त्यावरच तिचे पुढचे तीन महिने सुखात गेले.

भाद्रपदात एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि नऊवारीतली म्हातारी. जेवायचं विचारलं, तिनं सवयीनं पत्ता सांगितला. म्हातारी मात्र खिडकीशीच रेंगाळली.

"मालक कसा हाय गं? आमच्या नातीसाठी, अपूर्वासाठी बघतोय. इथनंच समदे तिकडं जेवायला जातात म्हणं, म्हणून तुला इचारते."

संयोगिताला रीत ठाऊक होती. सोयरीक जुळवायच्या आधी मुलीकडची माणसं अशीच आजूबाजूला चौकशी करतात. अशा वेळी 'जरा जपून' एवढं म्हटलं तरी पुरतं, स्थळ मोडतं. तिला केतन हवा होता, जिवापाड हवा होता. दोन शब्द… फक्त दोन शब्द. पण तेच दोन शब्द उद्या केतनच्या नावाला बट्टा लावून जयसिंगपूरभर झाले असते.

"चांगला हाय, आजी," ती म्हणाली. "कसलं व्यसन न्हाय. रागावला तरी हळू बोलतो."

दसऱ्याला अजून आठ दिवस होते, तेव्हा केतन स्वतः खिडकीशी आला. चेहरा उतरलेला.

"काल सुपारी फुटली माझी. अपूर्वाशी."

तिनं तिकिटांचा गठ्ठा बाजूला सारला.

"त्याआधी आईला सगळं सांगितलं मी. ती म्हणाली, त्या पोरीनंच अपूर्वाच्या आजीला तुझी हमी दिलीया. तिच्या मनात तू असतास, तर तिनं दुसऱ्या पोरीला तुझं गुण सांगितलं असतं व्हय? …मग मलाबी तसंच वाटलं."

"मला येऊन एकदा विचारायचं की."

"तुम्ही खोटं बोलायचं की एकदा."

"तुमच्याबद्दल न्हाय जमलं." तिनं सांगून टाकलं. "माझं प्रेम हाय तुमच्यावर. म्हणूनच न्हाय जमलं."

केतननं खिडकीचा गज धरला. "मग मी मोडतो हे… आज जाऊन सांगतो."

"आणि अपूर्वानं काय करायचं? सुपारी फुटल्यावर मोडलं तर लोक तिलाच नावं ठेवतील. तिचा काय दोष?" ती म्हणाली. "जावा. गिऱ्हाईक खोळंबलं असंल."

त्यानं गज सोडला. मग गेला.

दिवाळीच्या सुट्टीत म्युझियम पुन्हा भरलं. एका बाईनं लहान पोरीला पुढं करून विचारलं, "ताई, हिला घेऊन जेवायला कुठं जावं?"

संयोगितानं आठवून पाहिलं. दुसरं नाव सुचेना. शेवटी तिनं तोच पत्ता सांगितला, बॅगा आत ठेवून घेतल्या. निरोप काही दिला नाही.

तासाभरानं मंडळी परतली. नको नको म्हणत तिच्या तोंडून गेलंच, "मालक काय म्हणाले का?"

"नाही हो, काहीच बोलले नाहीत," बाई म्हणाली. "तुम्ही पाठवलंय म्हटल्यावर हिला तेवढा स्वतःच्या हातानं दहीभात भरवला."